डिमेन्शियाच्या वॉर्डात नवीन आहेस? आधी एवढंच बघ

वृद्धांची शुश्रूषा स्वतःहून निवडलीस, छान वाटलं. अल्झायमर, व्हॅस्क्युलर, लुई बॉडी हे डिमेन्शियाचे (स्मृतिभ्रंशाचे) प्रकार हळूहळू कळतील, पहिल्याच महिन्यात पाठ करत बसू नकोस. (मी अजूनही मधूनमधून वही उघडते.)

सुरुवातीची सगळ्यात मोठी चूक मीही केली. एक आजी रोज संध्याकाळी म्हणायच्या, "आई वाट बघतेय, मला घरी जायचंय." मी सरळ सांगितलं, आई कधीच गेली. त्या ढसाढसा रडल्या, जणू बातमी आत्ताच कळली होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. तेव्हापासून मी त्यांची चूक सुधारत नाही. "आई कशी होती हो तुमची?" असं विचारते, आणि बहुतेक वेळा गप्पा रंगतात.

बाकी हे लक्षात ठेव:

- गोंधळ काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत अचानक वाढला, तर "आजारच वाढलाय" म्हणून सोडू नकोस. तो डिलिरियम, म्हणजे दुसऱ्या कशामुळे तरी अचानक उद्भवलेला गोंधळ, असू शकतो. संसर्ग, बद्धकोष्ठता, पाणी कमी पडणं, नवं औषध, काहीही कारण असेल. डॉक्टरांना लगेच कळव.
- ओरडणं, हात झटकणं यामागे अनेकदा वेदना असते. पेनॅड (PAINAD) स्केल, म्हणजे दुखणं सांगू न शकणाऱ्यांची वेदना निरीक्षणातून मोजायची पद्धत, शिकून घे: श्वास, आवाज, चेहरा, देहबोली आणि समजूत घातल्यावर शांत होणं, प्रत्येकी 0 ते 2 गुण.
- समोरून जा, एका वेळी एकच वाक्य बोल. त्याआधी श्रवणयंत्र कानात आहे का, चालू आहे का, ते बघ!

आंघोळीला नाही म्हणाले तर हुज्जत नको. अर्ध्या तासाने पुन्हा विचार.