पावसाळा लागला की पंजे चाटतो

प्रश्न : आमचा शेरू तीन वर्षांचा लॅब्रॅडॉर. गेली दोन वर्षं जुलै लागला की रात्र-रात्र पंजे चाटतो, कान खाजवतो. दिवाळीनंतर आपोआप थांबतं. मेडिकलमधून माणसांची सर्दी-अ‍ॅलर्जीची गोळी आणली आहे. अर्धी देऊ का?
– एक वाचक, धायरी, पुणे

उत्तर : ती गोळी देऊ नका, अर्धीही नाही. सर्दीच्या गोळ्यांमध्ये बरेचदा पॅरासिटामॉल आणि नाक मोकळं करणारं औषध असतं. दोन्ही कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात. नुसती सेट्रिझिन असली तरी अशा खाजेवर तिचा फारसा गुण येत नाही.

दर वर्षी तेच महिने, हे तुम्ही नेमकं टिपलंत. ही बहुधा हंगामी अ‍ॅलर्जी. परागकणांनी आपल्याला शिंका येतात, कुत्र्याची मात्र कातडी पेटते : पंजे, काखा, पोट, कान. सुरुवात बहुतेकदा सहा महिने ते तीन वर्षांच्या वयात होते. पावसाळ्यात गवत फुलतं, भिंतींना बुरशी धरते, मोकळ्या प्लॉटवर गाजर गवत माजतं. फिरायला नेताना तिकडून जाऊ नका.

आधी पिसवा पाहा. शेपटीच्या मुळाशी कंगवा फिरवा, निघालेली काळी कणी ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवा. भोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा. मग आधी तो बंदोबस्त, घरातल्या सगळ्या प्राण्यांचा.

फिरून आल्यावर पाय साध्या पाण्यानं धुवा आणि बोटांमधली फट कोरडी करा. आमच्या मोतीचे पाय मी रोज धुवायचे, पण फटी पुसायची राहायचे. तिथंच यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, वाढलं, आंबूस वास यायला लागला, आणि तो बिचारा महिनाभर लंगडला. ते मला अजून लागतं. आठवड्यातून एकदा क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या शाम्पूनं आंघोळ घाला. फेस दहा मिनिटं अंगावर राहू द्या.

एवढ्यानं भागलं नाही, तर डॉक्टरांकडे खाज थांबवणारी खास कुत्र्यांसाठीची औषधं आहेत. स्टेरॉइडनं झटकन आराम पडतो, पण ते मनानं चालू ठेवू नका. पुढच्या वर्षी जूनमध्येच दाखवून घ्या, कातडी फुटायची वाट पाहू नका. खाज बारमाही झाली, तर खाण्याचाही संशय घ्यावा लागेल.

कानात इअरबड घालू नका, तेलही नाही. पडदा शाबूत आहे का, हे डॉक्टरांनी पाहिल्यावरच थेंब.