कावळे बोललेले चालतात, मग प्रोटॉनचाच हिशेब का मागायचा?

प्रश्न (सातारा): ‘रेत समाधि’ आणि ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ लागोपाठ वाचल्या. पहिलीत कावळे बोलतात, पण मला काहीच खटकलं नाही. दुसरीत एवढं भौतिकशास्त्र असूनही शेवटी शेवटी विश्वास उडाला. हा माझा दुजाभाव तर नाही ना?

उत्तर: मुळीच नाही. दोन्हींकडून तुम्ही वेगळ्या गोष्टींची अपेक्षा केलीत, आणि ते योग्यच झालं.

‘रेत समाधि’सारख्या जादुई वास्तववादात, म्हणजे रोजच्या जगण्यात चमत्कार सहज मिसळणाऱ्या लेखनात, चमत्काराचं कारण कुणी विचारत नाही. त्याच्या आजूबाजूचं सगळं मात्र मोजूनमापून लागतं. गार्सिया मार्केझच्या ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’मधला (१९६७) पाद्री कपभर गरम चॉकलेट पितो आणि जमिनीपासून १२ सेंटिमीटर वर उचलला जातो. पाऊस पडतो तो ‘वर्षानुवर्षं’ नाही, ४ वर्षं ११ महिने २ दिवस. एक मुलगी चादरींसकट आभाळात निघून जाते, तेव्हा घरातल्या एका बाईला हळहळ वाटते ती चादरींची. हत्ती उडताहेत म्हटलं तर कुणी मानणार नाही, ४२५ हत्ती उडताहेत म्हटलं तर कदाचित मानतील, असं मार्केझनेच एका मुलाखतीत सांगितलं होतं. ‘रेत समाधि’तही भिंतीकडे तोंड करून पडलेली ऐंशी वर्षांची आई आणि तिला उठवण्यासाठी घरच्यांची चाललेली धडपड आपल्याला आधी इतकी ओळखीची होते, की पुढे कावळ्यांनी तोंड उघडलं तरी आपण दचकत नाही.

हा प्रकार फसतो तो बहुधा दोन ठिकाणी. एक, पात्रच ‘अरे, हे कसं शक्य आहे?’ म्हणून डोळे विस्फारतं. तिथून पुढे वाचकालाही तोच प्रश्न पडतो. दुसरं, कथानक अडलं की लेखक चमत्कार काढतो. कोंडलेल्या नायिकेला नेमके त्याच रात्री पंख फुटले, तर ती जादू नव्हे, पळवाट.

विज्ञानकथेत उधारी चालते, पण ती वहीत मांडावी लागते. लिऊ त्सिशिनची ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ (पुस्तकरूपात २००८, इंग्रजीत २०१४, ह्यूगो पुरस्कार २०१५) बराच काळ हिशेबाला पक्की आहे. परग्रह सुमारे चार प्रकाशवर्षांवर, म्हणून पाठवलेल्या संदेशाला उत्तर यायला आठ वर्षं लागतात. आक्रमकांचं आरमार पोहोचायला ४५० वर्षं, म्हणजे सरासरी वेग प्रकाशाच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास. तीन सूर्यांच्या ओढाताणीत ग्रहाचं पंचांगच मांडता येत नाही, ही कल्पना तर झकास. पण जागा चुकली. कादंबरीने हा ग्रह ठेवलाय नरतुरंग तारकासमूहातल्या अल्फा सेंटॉरीत, पण खऱ्या अल्फा सेंटॉरीत दोन तारे एकमेकांभोवती साधारण ८० वर्षांत फिरतात आणि तिसरा, प्रॉक्सिमा, पृथ्वी-सूर्य अंतराच्या जवळजवळ १३,००० पट लांब राहून त्या दोघांना साडेपाच लाख वर्षांत एक फेरी घालतो. म्हणजे एकूण कारभार शिस्तीचा. लेखकाने घेतलेली ही सूट आम्ही आनंदाने देऊ.

तुमचा विश्वास उडाला तो बहुधा प्रोटॉनपाशी. परग्रहवासीयांनी प्रोटॉन उलगडायचा, त्यावर संगणक कोरायचा, पुन्हा मिटायचा. इथवर अचाट, पण ठीक. मग मात्र गुंतलेल्या (एन्टँगल्ड, म्हणजे कितीही लांब असले तरी ज्यांची मोजमापं एकमेकांशी जुळतात अशा) कणांच्या जोडीतून बातमी क्षणात पलीकडे पोहोचते. प्रत्यक्षात जोडीतल्या एका कणाचं मोजमाप केलं तर काय निघेल, हे आपल्या हातात नसतं, म्हणून त्यातून निरोप धाडता येत नाही. दोन्हीकडच्या नोंदींचा मेळ दिसतो तोही नेहमीच्या, प्रकाशाहून वेगवान नसलेल्या मार्गाने एकत्र आणून ताडल्यावरच. आधी आठ वर्षं थांबायला लावणाऱ्या लेखकाने पुढे तोच नियम मोडला, आणि तुम्हाला ते जाणवलं.

प्रश्न (इचलकरंजी): माझ्या विज्ञानकथेत मंगळावरचा मुलगा सांगलीतल्या आईशी व्हिडिओ कॉलवर भांडतो. ‘आवाज थोडा उशिरा येत होता’ असंही लिहिलंय. तरी परीक्षकांचा शेरा: विज्ञान कच्चं.

उत्तर: शेरा बरोबर आहे. आधी कथेची तारीख ठरवा आणि त्या दिवशीचं मंगळाचं अंतर काढा. ते कोटी किलोमीटरमध्ये घेऊन १.८ ने भागलं की एका बाजूचा उशीर मिनिटांत मिळतो. मंगळ अगदी जवळ, साडेपाच कोटी किलोमीटरवर असेल तर ३ मिनिटं. लांबात लांब ४० कोटींवर २२. जायला-यायला दुप्पट. ‘जेवलास का?’ या प्रश्नाचं उत्तर येईपर्यंत सांगलीत कुकर उतरून पानंही वाढून होतील.

तेव्हा कॉल काढून टाका, निरोप ठेवा. कागदावर दोन रकाने आखा: कोण किती वाजता बोललं, आणि तोवर त्याच्या कानावर काय पडलं होतं. आईची माफी निघालेली आणि मुलाचा टोमणा वाटेत, असे प्रसंग आपोआप हाती लागतील. आणखी एक. मंगळाचा दिवस २४ तास ३९ मिनिटांचा, त्यामुळे आज दोघांची सकाळ एकाच वेळी झाली, तर तसा योग पुन्हा यायला जवळपास ३७ दिवस जातात. शिवाय साधारण २६ महिन्यांनी एकदा सूर्य मध्ये येतो आणि दोनेक आठवडे संपर्क भरवशाचा राहत नाही. भांडण त्याच्या आदल्या दिवशी लावा.

प्रश्न (वेंगुर्ला): कथेत गावचा राखणदार (गाव राखणारी अदृश्य शक्ती) आणला की ती जादुई वास्तववादी होते का?

उत्तर: नुसता आणून नाही. रात्री काठीचा आवाज आला आणि अंगावर काटा उभा राहिला, तर ती भुताची गोष्ट. कोपला, मग विडी-रोट दिल्यावर शांत झाला, तर लोककथा. राखणदार तलाठ्याकडे सातबाऱ्यावर नाव लावायला गेला, तलाठ्याने वर न बघता आधार कार्डाची झेरॉक्स मागितली आणि रांगेतल्या कुणालाच त्यात नवल वाटलं नाही, तर बोलू.