वाळपईत बघण्यासारखं काय आहे? एक दिवस पुरेल का?

तुम्ही विचारलंय की गोव्याचा किनारा सोडून एक दिवस सत्तरी तालुक्यात, वाळपईला घालवायचा तर कुठले पॉइंट करायचे आणि संध्याकाळी कळंगुटला परत पोचता येईल का. पोचता येईल. पणजीहून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर आहे, साखळीवरून या. पण अगदी हाच प्रश्न माझा ठाण्याचा मामेभाऊ वर्षानुवर्षं विचारतो आणि उत्तरही स्वतःच देतो: "वाळपईला एक दिवस म्हणजे डोक्यावरून पाणी." म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी वाळपईजवळच्या एका वाड्यावरची. हा मामेभाऊ, आमचा दादा, शिगम्याच्या, म्हणजे आमच्या होळीच्या सणाच्या दिवसांत वहिनीला आणि मुलांना घेऊन आमच्याकडे आला होता. मार्च म्हणजे आमच्याकडे ऐन काजूचा हंगाम. सकाळीच बाबा सगळ्यांना डोंगरावर घेऊन गेले. फेणीसाठी बोंड झाडावरून तोडत नाहीत, पिकून खाली पडलेलं वेचायचं आणि बी पिरगळून वेगळी करायची. मुलं लगेच शिकली. मग कोळंबी, म्हणजे कातळात कोरलेलं टाकं, त्यात बोंडं पायांनी तुडवायची. तुडवून झालं की चोथ्याची ढेप बांधून तिच्यावर दगडाचं वजन ठेवतात आणि थेंब थेंब पाझरतो तो नीरो. वहिनीने पेला रिकामा करून लगेच पुढे केला. हा रस आंबवून भट्टीवर एकदा गाळला की हुर्राक, पुढे पुन्हा गाळली की फेणी. या काजूफेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. किनाऱ्यावरच्या दुकानात तिच्या शोभेच्या बाटल्या मांडलेल्या असतात, पण ती येते आमच्यासारख्या डोंगरांवरून, तीन महिने पहाटे उठून कंबर वाकवणाऱ्या बायकांच्या हातून. दादा सावलीत उभा राहून घड्याळ बघत होता. "दारू गाळताना काय बघायचं?" असं तो बाबांच्या तोंडावर म्हणाला. बाबा काही बोलले नाहीत. मला ते अजून लागतं.

दुपारी ब्रह्मकरमळीला गेलो. ब्रह्मदेवाची देवळं देशात मोजकीच, आणि हे त्यातलं एक. कदंबकाळातली ही सुंदर मूर्ती मूळची तिसवाडीतल्या करमळीची. सोळाव्या शतकात पोर्तुगीज देवळं पाडू लागले तेव्हा भक्तांनी ती उचलून या जंगलात आणली. देव घेऊन माणसं इतक्या दूर का आली, हे समजायला त्या झाडीत थोडा वेळ बसावं लागतं. दादाने बाहेरूनच फोटो काढला.

त्या रात्री शेजारच्या गावात रणमाले, म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य होतं. बाबांनी आग्रह केला, "आजची रात्र राहा, मग जा." कळंगुटला खोली घेतलेली, पैसे फुकट जातील, म्हणून दादाने पाच वाजता गाडी काढली. वहिनी गाडीत बसतानाही विचारत होती, किती वाजता सुरू होतं, मुलांना चालतं का.

तर ते काय होतं? रणमाले सत्तरीच्या पूर्वेकडच्या मोजक्या गावांत उरलंय. रामायण-महाभारतातल्या कथा, सूत्रधार, ओळीत उभे राहून जती, म्हणजे पारंपरिक गाणी म्हणणारे गावकरी. दिवसा कुळागरात, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागेत राबणारा माणूस रात्री राम होऊन उभा राहतो आणि त्याची आई समोर जमिनीवर बसून ऐकते. झर्म्यात आणि करंझोळात ते चोरोत्सवाला जोडलेलं आहे. निरपराध वाटसरूंना चोर समजून मारल्याची आठवण ही गावं दरवर्षी सगळ्यांसमोर उभी करतात. स्वतःच्या पूर्वजांचा अपराध असा जाहीरपणे जपणारी गावं मला दुसरीकडे दिसलेली नाहीत. आणि हे सगळं रात्रीचं असतं. संध्याकाळी परत जाणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. मग तो प्रत्येक लग्नात पंगतीला बसून सांगतो की वाळपईत बघण्यासारखं काही नाही.

माझं स्पष्ट मत असं आहे की एक दिवस पुरत नाही. दोन रात्री राहा, तेही हॉटेल न शोधता एखाद्या घरात. फाल्गुनात आलात तर काजू आणि शिगमो दोन्ही मिळतात. घोडेमोडणी, म्हणजे शिगम्यातला लाकडी घोड्यांचा नाचही बघा. इतिहासाची आवड असेल तर नाणूसच्या किल्ल्याच्या जागी जा. तिथे अवशेष फारसे नाहीत, पण १८५२ मध्ये दीपाजी राणे यांनी पोर्तुगीजांविरुद्ध उठाव करून तो घेतला आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ लढत राहिले. वेळ अगदीच कमी असेल तर नुसता चोर्ला घाट करा. खोरं वरून दिसेल, चहा मिळेल. पण त्याला वाळपई पाहिली म्हणू नका.

पावसाळ्याचं आधी सांगायला हवं होतं, कारण बहुतेक लोक धबधब्यांसाठीच येतात. म्हादई कर्नाटकातून येते. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी घाटावर पाऊस पडत असेल तर ओहोळ बघता बघता चढतो. जुलै २०२१ च्या पुरात सत्तरीत घरं कोसळली. २०२३ मध्ये दक्षिण गोव्यातल्या नेत्रावळीच्या मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले आणि वनखात्याने धबधब्यांवर जायला बंदी घातली. म्हणून गावचा माणूस सोबत असल्याशिवाय पाण्यात उतरू नका, आणि तो नको म्हणाला तर वाद घालू नका. म्हादई अभयारण्यात जायचं असेल तर वनखात्याची परवानगी घ्या. हे वाघांचं रान आहे. २०२० मध्ये गोळावलीत चार वाघ मेलेले सापडले, तेव्हापासून लोक परक्या गाड्यांकडे बारकाईने बघतात. त्याचा राग मानू नका.

शिगम्याच्या तारखा तिथीवर ठरतात आणि प्रत्येक गावाची रात्र वेगळी असते. ज्यांच्याकडे उतरणार असाल त्यांना आधी फोन करून रणमाले कुठे, कधी आहे ते विचारा. कळंगुटची खोली त्यानंतर घ्या.