मंदावला की झाकोळला?

प्रश्न असा आहे: २०१९च्या अखेरीस मृग नक्षत्राजवळचा तांबूस काक्षी (बीटलज्यूस) एकाएकी फिका दिसू लागला. त्याबद्दल लिहिताना कुणी 'काक्षी मंदावला' म्हणतं, कुणी 'झाकोळला', कुणी 'विझू लागला'. हे शब्द एकमेकांच्या जागी चालतील का? आणि त्याची प्रत (ताऱ्याचं तेज सांगणारा आकडा, तो लहान तितका तारा तेजस्वी) 'घसरली' म्हणायचं की 'वाढली'?

एरवी चालूनही जातील, पण या ताऱ्याच्या बाबतीत नाही. काक्षी मंदावला की झाकोळला, याच मुद्द्यावर खगोलशास्त्रज्ञ तेव्हा दोन वर्षं झगडत होते. इंग्रजी बातमीत एकच शब्द दोन्हींना पुरतो. मराठीत मात्र क्रियापद निवडलं की आपण एक बाजू घेतलेली असते.

मंदावणं हे आतून होतं. ज्योत मंदावते, भूक मंदावते, चाल मंदावते. 'तेल संपल्यानं ज्योत मंदावली' असं म्हटलं तरी कारण त्या दिव्याच्या पोटातलंच असतं. झाकोळायला मात्र मध्ये दुसरं काहीतरी यावं लागतं. आभाळ ढगांनी झाकोळतं, चेहरा चिंतेनं झाकोळतो, थोरल्याच्या कीर्तीपुढे धाकट्याचं कर्तृत्व झाकोळून जातं. झाकोळलेल्याचं मूळ तेज कमी झालेलं नसतं. आवरण दूर झालं की ते जसंच्या तसं दिसतं.

आता घडलं काय ते पाहू. काक्षी हा मुळातच रूपविकारी तारा. साधारण ४०० दिवसांच्या आणि त्याशिवाय सुमारे सहा वर्षांच्या चक्रात त्याचं तेज कमीजास्त होतं. हे चढउतार जॉन हर्शेलनं १८३६ सालीच टिपले होते. पण डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेतल्या व्हिलानोव्हा विद्यापीठाचे एडवर्ड गिनन आणि त्यांचे सहकारी यांनी कळवलं, की या वेळची उतरण नेहमीची नाही. फेब्रुवारी २०२०च्या मध्याला तारा सुमारे १.६ प्रतीपर्यंत उतरला. एरवी तो ०.५च्या आसपास असतो. म्हणजे नेहमीचा जेमतेम ३५ ते ४० टक्के प्रकाश उरला होता, आणि हा फरक नुसत्या डोळ्यांना कळत होता.

मग दोन पक्ष पडले. एमिली लेव्हेक आणि फिलिप मॅसी यांनी त्याच फेब्रुवारीत ॲरिझोनातून ताऱ्याचा वर्णपट घेतला. तापमान ३६०० केल्व्हिन भरलं. २००४ साली ते ३६५० होतं. एवढ्याशा थंडाव्यानं इतका प्रकाश कमी होणार नाही, तेव्हा मध्ये धूळ आली असावी, असं त्यांचं म्हणणं. हा 'झाकोळला' पक्ष. थविशा धर्मवर्धना आणि सहकाऱ्यांनी हवाईच्या दुर्बिणीतून मिलिमीटरपेक्षा लहान रेडिओलहरींत पाहिलं, तर तिथेही तारा सुमारे २० टक्क्यांनी फिका होता. या लहरींना धूळ अडवत नाही, म्हणून त्यांनी पृष्ठभागावरच्या प्रचंड थंड डागांकडे बोट दाखवलं. हा 'मंदावला' पक्ष. मला हे सगळं प्रकरण फार आवडतं, कारण दोन्हीकडची मोजमापं खरी होती.

मिगेल मोंतार्जेस यांच्या गटानं चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीनं घेतलेल्या प्रतिमांत ताऱ्याचा दक्षिण भागच काळवंडलेला दिसला. आंद्रिया ड्युप्री यांनी हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून सांगितलं, की २०१९च्या शरदात ताऱ्यानं तप्त द्रव्याचा मोठा लोट बाहेर फेकला आणि पुढे तो निवून त्याची धूळ झाली. मग २०२२ मध्ये टोकियोच्या संशोधकांनी हिमावारी-८ या हवामान उपग्रहाची चित्रं उपसली. उपग्रह पृथ्वीकडे पाहत असला तरी चित्राच्या कडेला काक्षी अवरक्त प्रकाशात टिपला जात होता. त्यावरून निघालं, की ताऱ्याचं थंड होणं आणि धुळीचं आड येणं यांचा वाटा जवळपास सारखाच.

म्हणून माझा सल्ला: नुसतं काय दिसलं ते सांगायचं असेल तर 'काक्षी फिका पडला' लिहावं, त्यात कारणाचा दावा नाही. कारण सांगायचं असेल तर 'काक्षी मंदावला आणि स्वतःच्याच धुळीनं झाकोळला' हे वाक्य आजच्या माहितीला धरून आहे. 'स्वतःच्याच' हा शब्द गाळू नये. एरवी झाकोळणारा परका असतो, इथे तो घरचाच आहे. 'झाकोळला'ऐवजी 'ग्रहण लागलं' मात्र नको, त्याला दुसरी खस्थ वस्तू हवी. तसं एकदा झालंही आहे. १२ डिसेंबर २०२३ला लिओना हा लघुग्रह काक्षीच्या पुढून गेला, आणि त्याला मराठीत 'पिधान' हा नेमका शब्द आहे.

'विझू लागला' तर सरळ चूक. तारा एप्रिल २०२० संपेपर्यंत पुन्हा पहिल्यासारखा झाला. आणि असा महाराक्षसी तारा कधीकाळी संपेल तेव्हा तो अतिदीप्त नवतारा (सुपरनोव्हा) होऊन भडकेल. विझणं हे त्याचं वर्णनच नव्हे.

लिंगाचं विचारलेलं नाही, तरी सांगतो. ईकारान्त असला तरी काक्षी 'तो' लिहावा, कारण मनात 'तारा' असतो. हाच तारा आर्द्रा नक्षत्राचा, पण आर्द्रा मात्र 'ती'.

आता प्रत. प्रतीचा आकडा लहान तितका तारा तेजस्वी. ०.५वरून १.६ झाली म्हणजे आकडा वाढला, तेज उतरलं. 'प्रत वाढली' म्हटलं की तारा उजळला असं वाटतं, 'घसरली' म्हटलं की आकडा खाली आला असं. दोन्ही टाळावेत. आपण पहिल्या प्रतीचा तांदूळ म्हणतो तेव्हा एक हा आकडा दोनापेक्षा वरचा असतो, तोच हिशेब इथे ठेवून 'काक्षी पहिल्या प्रतीतून दुसऱ्या प्रतीत उतरला' असं लिहावं. १.५च्या पुढचे तारे दुसऱ्या प्रतीत धरतात, त्यामुळे हे विधान शास्त्रालाही धरून आहे.