म्हाताऱ्या कुत्र्याची सांधेदुखी: आधी वजन, मग नियमित औषध, बाकी सारे त्यानंतर

तुमची बारा वर्षांची लॅब्राडॉर सकाळी उठताना मागचे पाय ओढते, थोडे चालल्यावर मोकळी होते, कण्हत मात्र कधीच नाही, आणि तिला माणसांची वेदनाशामक गोळी अर्धी करून द्यावी असे घरात कुणीतरी सुचवले आहे, असे तुम्ही लिहिले आहे. सर्वांत आधी त्या गोळीविषयी सांगतो. ती देऊ नका. अर्धी नाही आणि पावही नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन या औषधांनी कुत्र्याच्या जठरात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात; त्यातले नॅप्रोक्सेन तर कुत्र्याच्या शरीरात कित्येक दिवस रेंगाळते. पॅरासिटामॉलचे प्रमाण चुकले तर यकृताला आणि रक्तातील तांबड्या पेशींना इजा होते. अशी एखादी गोळी आधीच दिली गेली असेल, तर संकोच न करता ते डॉक्टरांना सांगा, कारण त्यानंतर कुत्र्यांसाठीचे औषध सुरू करण्यापूर्वी काही दिवसांचे अंतर ठेवावे लागते.

ती कण्हत नाही, यावरून तिला फारसे दुखत नसावे असा अर्थ काढू नका. दीर्घकाळच्या सांधेदुखीत कुत्रे सहसा ओरडत नाहीत. ते आपले वागणे बदलतात. उठताना आधी पुढच्या पायांवर सगळा भार घेऊन छातीच्या जोरावर अंग उचलणे, बसताना शेवटच्या क्षणी धपकन खाली येणे, जिन्याच्या पायथ्याशी थांबून वर पाहत राहणे, मनगटाचा किंवा गुडघ्याचा एकच भाग सतत चाटणे, मागच्या भागाला हात लावताच मान वळवणे, रात्री वारंवार जागा बदलणे, ही सगळी वेदनेचीच लक्षणे आहेत. घरोघरी याला ‘वय झाले’ म्हणून सोडून दिले जाते, आणि ज्या महिन्यांत तिला सहज आराम देता आला असता ते महिने निघून जातात, याचे मला फार वाईट वाटते.

तरीही प्रत्येक लंगडणे संधिवाताचे नसते, म्हणून आधी तपासणी आणि एक्स-रे करून घ्या. गुडघ्यातील अस्थिबंध तुटणे, मोठ्या जातींत होणारा हाडाचा कर्करोग आणि गोचिडांमुळे होणारे काही आजार यांतही कुत्रा लंगडतो. चालताना पंजा उलटा पडून नखे जमिनीवर घासत असतील, तर दोष सांध्यात नसून मज्जारज्जूत असू शकतो आणि उपचारांची दिशाच बदलते.

निदान संधिवाताचे झाले, तर पहिला उपाय म्हणजे वजन. सांध्यातील झिजलेली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची मऊ गादी, पूर्ववत करता येत नाही, पण तिच्यावर पडणारा भार कमी करता येतो. शिवाय चरबी हे नुसते ओझे नसून तिच्यातून दाह वाढवणारी द्रव्ये रक्तात मिसळत असतात. संधिवात असलेल्या स्थूल कुत्र्यांवर झालेल्या एका अभ्यासात वजन सहा टक्क्यांच्या आसपास घटल्यावर लंगडणे स्पष्टपणे कमी झालेले दिसले. ३६ किलोच्या कुत्रीसाठी हे जेमतेम सव्वादोन किलो होतात. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४८ लॅब्राडॉरांच्या आयुष्यभराच्या अभ्यासात, ज्यांना २५ टक्के कमी अन्न दिले गेले त्यांना संधिवाताच्या उपचारांची गरज बरीच उशिरा पडली आणि ते सरासरीने जवळजवळ दोन वर्षे जास्त जगले. तिच्या अंगावरून हात फिरवा: फार न दाबता फासळ्या बोटांना लागायला हव्यात आणि वरून पाहताना कंबर आत गेलेली दिसायला हवी. अन्न अंदाजाने न वाढता वजनकाट्यावर मोजून द्या, खाऊसुद्धा त्याच हिशेबात धरा, आणि आठवड्याला एक ते दोन टक्क्यांहून वेगाने वजन उतरवू नका, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातील.

दुसरा उपाय औषध, आणि येथे लोक सर्वांत जास्त कचरतात. कुत्र्यांसाठी कार्प्रोफेन, मेलॉक्सिकॅम, फिरोकॉक्सिब यांसारखी दाहशामक औषधे आहेत. सुरुवातीला आणि नंतर ठरावीक काळाने यकृत व मूत्रपिंडांची रक्ततपासणी करून, वजनाप्रमाणे मोजलेल्या मात्रेत दिली, तर बहुतेक कुत्र्यांना ती सोसतात. ‘सवय लागेल’ ही भीती निराधार आहे. या औषधांची चटक लागत नाही. नियम मात्र कडक पाळा. अशी दोन औषधे एकत्र देऊ नयेत, स्टिरॉइडबरोबर तर कधीच देऊ नयेत. उलटी, जुलाब, अन्नावरची वासना जाणे किंवा डांबरासारखी काळी विष्ठा दिसली, तर पुढची गोळी न देता लगेच डॉक्टरांना कळवा.

एवढ्याने भागले नाही तर डॉक्टर गॅबापेंटिन हे वेदनेवरचे आणखी एक औषध जोडतात. ते माणसांच्या पातळ औषधाच्या स्वरूपात मिळाले, तर त्यात झायलिटॉल नाही ना, हे बाटलीवर वाचून पाहा, कारण गोडीसाठी घातला जाणारा हा पदार्थ कुत्र्यांना विषारी आहे. बेडिनव्हेटमॅब हे महिन्यातून एकदा द्यायचे इंजेक्शनही आता उपलब्ध आहे. वेदनेचा संदेश वाढवणाऱ्या एका प्रथिनाला ते अडवते. अनेक कुत्र्यांना त्याने चांगला आराम पडतो, मात्र काहींमध्ये चेतासंस्थेशी संबंधित दुष्परिणाम नोंदवले गेले आहेत, म्हणून तिच्या इतर आजारांची पूर्ण माहिती देऊनच तो निर्णय घ्या.

घरातील फरशीकडे मी तुमचे विशेष लक्ष वेधतो. ती पाणी पिताना नीट पाहा: गुळगुळीत फरशीवर मागचे पाय हळूहळू बाजूंना पसरतात, ती ते पुन्हा आत ओढते, ते पुन्हा सरकतात, आणि शेवटी ती भांडे अर्धे सोडून निघून जाते. आधीच दुखणाऱ्या सांध्यांना दिवसभर हा ताण सोसावा लागतो. भांड्याजवळ, अंथरुणाजवळ आणि तिच्या नेहमीच्या वाटेवर न सरकणाऱ्या सतरंज्या किंवा रबरी चटया घाला. नखे वाढलेली असतील तर ती कापा आणि पंजाच्या गाद्यांमधले केस बारीक करा. अंथरूण इतके जाड हवे की तिचे कोपर खालच्या जमिनीला टेकू नयेत. जिना किंवा गाडी चढताना पोटाखालून आधार देणारा पट्टा वापरा.

चालणे बंद करू नका, कारण स्नायूच सांध्याला आधार देतात. रोज सारखेच, थोडे थोडे आणि सपाट जमिनीवर चालवा. आठवडाभर विश्रांती आणि सुटीच्या दिवशी लांबची रपेट, हा क्रम सर्वांत वाईट. चेंडू फेकून पळवणे थांबवा. पोहणे किंवा पाण्यातल्या ट्रेडमिलवर चालणे, सोय असल्यास, उत्तम.

तेलाने मालिश करण्याविषयी विचारले होते. तेल ती चाटून टाकेल, म्हणून कोरडा, हलका हात पुरेसा आहे. त्याआधी कोमट कापडाने दहा मिनिटे शेक द्या, आणि कापड आधी स्वतःच्या मनगटावर लावून पाहा. माशाच्या तेलातील ओमेगा-३ चा काहीसा उपयोग दिसून आला आहे, मात्रा डॉक्टरांकडून घ्या. सांध्यांसाठी दिल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइन या पूरकाचा पुरावा तोकडा आहे; पैसे मर्यादित असतील तर आधी सांगितलेले औषध आणि तपासण्या यांवर खर्च करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

औषध सुरू करण्यापूर्वी ती झोपेतून उठतानाचा आणि दहा पावले चालतानाचा व्हिडिओ काढून ठेवा, आणि दर पंधरवड्याला त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा काढा. दवाखान्यात गेल्यावर भीतीने कुत्रे नीट चालतात, त्यामुळे डॉक्टरांना खरी चाल या व्हिडिओंतूनच दिसेल. ती बरी चालू लागली म्हणून गोळी परस्पर बंद करू नका. मात्रा कमी करता येते का, हे त्यांनाच विचारा.