सहा वर्षांच्या मुलीला एअर शोला न्यावं का? जमिनीवर ठेवलेली जुनी विमानं बघण्यात वेळ घालवावा का?

न्या. आणि जमिनीवरची विमानं आधी दाखवा, कसरती नंतर.

तुम्ही लिहिलंय की विमानतळ सुरू झालाय, म्हणजे नवी मुंबईत कधीतरी एअर शोही होईल, पण घरचे म्हणतात की मांडून ठेवलेली जुनी विमानं बघत बसू नका, आकाशातलं बघा आणि घरी या. घरच्यांचं ऐकू नका. हे मी ठासून सांगते, कारण हेच वाक्य माझ्या घरात माझ्या बाबांसमोर म्हटलं गेलंय.

बाबा नाशिकजवळ ओझरला एचएएलमध्ये, म्हणजे विमानं बांधणाऱ्या सरकारी कारखान्यात होते, पत्र्याच्या कामाला. मिग-२१ या लढाऊ विमानाच्या अंगावर रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्या, मारण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला, तेव्हा ते टीव्हीसमोरून हलले नाहीत. शेवटपर्यंत उडालेली मिग-२१ बायसन ही मुळात ओझरला बांधलेली मिग-२१ बिस या आधीच्या प्रकारचीच विमानं होती, नंतर त्यांत नवी यंत्रणा बसवली. त्यातल्या कुठल्या विमानाला आपला हात लागला असेल, याचा ते विचार करत होते.

तर जानेवारी २०२४ मध्ये मरीन ड्राइव्हला हवाई दलाचा शो होता, १२ ते १४ तारखेला. आम्ही सगळे ठाण्याहून गेलो. बाबा, नवरा, माझा मुलगा (तेव्हा पहिलीत होता) आणि भाऊजी. सूर्यकिरण (विमानांचं) आणि सारंग (हेलिकॉप्टरांचं) ही हवाई दलाची दोन्ही कसरती पथकं होती, शो उत्तम झाला, त्यात वाद नाही. पण सुखोई हे लढाऊ विमान आलं की पोरगा दोन्ही कान दाबून माझ्या ओढणीत तोंड घालायचा. वर बघेपर्यंत विमान गेलेलं असायचं. परतीच्या लोकलमध्ये त्याने आजोबांना एकच विचारलं, "त्यात माणूस कुठे बसतो?" बाबा म्हणाले, "दाखवतो तुला. वरळीला उभं आहे एक विमान." त्यावर भाऊजी म्हणाले, "उभं विमान काय बघायचं? उडत नाही ते भंगार."

बाबा काही बोलले नाहीत. मला मात्र तेव्हापासून हे सलतंय.

पुढच्या रविवारी बाबा नातवाला घेऊन नेहरू सायन्स सेंटरला गेले, मीही गेले. तिथल्या बागेत एचएफ-२४ मारुत हे लढाऊ विमान ठेवलंय. बाबांनी सुरुवात रिव्हेटपासून केली. कुठली ओळ आधी मारतात, डोकी पत्र्याच्या पातळीत का बसवावी लागतात, वर आली तर वारा कसा अडतो. मग हवा आत जायची तोंडं दाखवली. मिगचं तोंड अगदी नाकावर, मधे शंकू. मारुतला दोन इंजिनं शेजारी शेजारी, म्हणून तोंडंही दोन, दोन गालांवर, आणि प्रत्येकात अर्धा शंकू. पोरगा या बाजूचं बघायचा, पळत त्या बाजूला जायचा, परत यायचा. नाकातल्या चार तोफा, कॉकपिटची काच, माणूस बसतो ती जागा. लोकलमधल्या प्रश्नाचं उत्तर त्याला तिथे मिळालं. लगेच दुसरा प्रश्न आला, "विमान पडायला लागलं तर तो बाहेर कसा येतो?" मग बाबांनी इजेक्शन सीट समजावली, आधी वरची काच कशी निघते इथपासून. घरी आल्यावर त्याने काढलेल्या विमानाला दोन गाल होते. मरीन ड्राइव्हहून आल्यावर त्याने काहीच काढलं नव्हतं.

आणि हे भंगार आहे का? जर्मन अभियंता कुर्ट टांक यांच्या हाताखाली आपल्या लोकांनी बेंगळुरूला ते घडवलं, १७ जून १९६१ ला पहिल्यांदा उडवलं, १४७ बांधली. १९७१ ला राजस्थानच्या आघाडीवर ती लढली. त्याच्या अंगाला शोभेल एवढ्या ताकदीचं इंजिन शेवटपर्यंत मिळालं नाही, म्हणून ज्या वेगासाठी आखलं होतं तो वेग त्याला गाठता आला नाही. बाबा हे सांगताना अजूनही चिडतात. पोरांना हेही कळायला हवं की विमान म्हणजे नुसता पायलट नाही. त्यामागे हजारो कारागीर असतात, आणि एक गोष्ट अडली की सगळं अडतं.

भाऊजींना मी त्या दिवशी जे बोलले नाही ते इथे लिहिते. आयएनएस विक्रांत ही विमानवाहू युद्धनौका २००१ ते २०१२ मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. कॉलेजात असताना मी तिच्या डेकवर चालले आहे. १९७१ च्या युद्धात याच डेकवरून सी हॉक ही नौदलाची लढाऊ विमानं उडाली आणि कॉक्स बाजार, चितगावावर गेली. ही नौका आपल्याला सांभाळता आली नाही. २०१४ ला साधारण ६० कोटींना विकली आणि मुंबईतल्या दारूखाना या जहाजं तोडायच्या जागी तोडली. तिच्या पोलादाचा वापर करून बजाजने व्ही नावाची मोटरसायकल काढली, ती भाऊजींनी हौसेने घेतली, आजही टाकीवर हात ठेवून पाहुण्यांना सांगतात. मग अख्खं विमान समोर उभं असताना ते भंगार कसं? एवढ्याशा तुकड्याचा अभिमान वाटतो, तर अखंड वस्तू जपणाऱ्यांना तरी नावं ठेवू नका.

आता तुमच्यासाठी. शोमध्ये जमिनीवर विमानं असतील तर दारं उघडल्या उघडल्या जा. कॉकपिटच्या शिडीची रांग दुपारी मुलांना सोसत नाही. विमानाशेजारी गणवेशात उभा असलेला माणूस उत्तरं द्यायलाच उभा असतो, मुलीलाच विचारू द्या, तुम्ही मधे बोलू नका. पंखाखाली मांडलेली शस्त्रं, सुटं काढून ठेवलेलं इंजिन, पॅराशूट, हे आधी बघा. मोठ्या प्रमाणावर बघायचं तर बेंगळुरूला येलहंक्याचं एरो इंडिया हे विमान प्रदर्शन, दर दोन वर्षांनी फेब्रुवारीत. गोव्याला गेलात तर वास्कोजवळचं नौदलाचं विमान संग्रहालय चुकवू नका, तिथे सी हॉक आहे, विक्रांतवरूनच उडणारं अलिझे आहे, सुपर कॉन्स्टेलेशन या चार इंजिनांच्या मोठ्या विमानात आत शिरता येतं की नाही ते तिथेच विचारा, पण ते बाहेरूनही प्रचंड आहे.

हे मात्र मान्य करते की काही विमानं उडतानाच बघावीत. हवाई दलाच्या ताफ्यातलं परशुराम नावाचं डाकोटा, म्हणजे जुनं मालवाहू विमान, अजून उडतं. २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला सैन्य उतरवलं ते याच जातीच्या विमानांनी. ते कधी शोमध्ये आलं तर सगळं सोडून वर बघा. आणि आवाजाला घाबरणाऱ्या मुलीला कापसाचे बोळे पुरत नाहीत, कानावर बसणारे मुलांचे इअरमफ घ्या. तीनचार वर्षांचं मूल असेल तर कसरतींना नेऊच नका.

पण नवी मुंबईत शो जाहीर व्हायची वाट कशाला बघता? नेरूळहून हार्बरने कुर्ला, तिथून दादर, मग पश्चिम रेल्वेने महालक्ष्मी आणि पुढे नेहरू सायन्स सेंटरपर्यंत टॅक्सी. मारुत उघड्यावर आहे, म्हणून ऊन चढायच्या आत तेच आधी बघा, मग वाफेचं इंजिन आणि ट्राम, आतली दालनं शेवटी. घरच्यांनाही सोबत न्या.