खलिता जुना दिसायला हवाय? एवढं कर

चित्ररथासाठी खलिता करतोयस, छान! कागद चहात बुडवून जुनाट करायचा. पहिल्यांदा एवढंच सांभाळ.

– झेरॉक्सचा ७५ जीएसएमचा (हा आकडा जास्त तितका कागद जाड) कागद भिजला की हातात येतो. १०० जीएसएमचा बाँड घे. मजकूर लेझर प्रिंटच असू दे. इंकजेटची शाई चहात पसरते.

– बुडवण्याआधी कागद चुरगळून उलगड. मोडलेल्या घडीत चहा जास्त मुरतो, रेघा गडद उठतात. सगळा जुनेपणा त्या रेघांत असतो बघ.

– चहा कोराच, गाळून गार केलेला. साखर नको, मुंग्या लागतील. रंग फिका वाटला तर वाळवून पुन्हा बुडव. एकदम कडक चहा ओतायची घाई नको.

– कडा जाळू नकोस! नवखे सगळे हेच करतात, आणि ती काळी किनार शाळेच्या गॅदरिंगमधली वाटते. ओलं बोट फिरवून कड हळूच फाड.

वाळवताना टांगू नको, ओघळ उतरतात, सपाट ठेव. आपल्याकडं शिवजयंतीची मिरवणूक वैशाखात, तेव्हा बेळगावचं ऊन पुरेसं आहे. गणपतीच्या देखाव्यासाठी पावसाळ्यात करशील तर पंखा लाव, नाहीतर बुरशी धरेल.

मोडी, बोरू, लाखेची मोहर नंतर बघू. आधी दोन-चार कोरे कागद बुडवून बघ.